वेलीचे उलटे फेरे

थर्झा पेनफोल्डनं एडविनला पहिल्यांदा पाहिलं ते आरशात. आणि त्यानंही तिला आरशातच पाहिलं.

बाहेर लंडनचा पाऊस होता, म्हणजे धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. चित्रांची गुंडाळी शालीखाली छातीशी धरून ती इस्लिंग्टनच्या एका वॉलपेपरच्या कारखान्याचा जिना चढली, घाईघाईत भलतंच दार उघडून आत शिरली आणि तिथेच थबकली. हे काही मालकांचं ऑफिस नव्हतं. लाकडाचा गोडसर वास, पायाखाली भुसा, आणि खिडकीशी पाठमोरा बसलेला एक तरुण. त्याच्या समोर टेकवलेला आरसा होता आणि हातात पटाशी.

“दार लावून घ्या,” तो न वळताच म्हणाला. “भुसा उडतोय.”

“मला... मिस्टर टॅप्लोंना भेटायचंय. भिंतीच्या कागदासाठी चित्रं आणलीत.”

त्यानं मान वर केली. आरशात दोघांची नजर एक झाली.

“टॅप्लोसाहेब खालच्या मजल्यावर असतात. पण आत्ता जेवताहेत. जेवण झालं की त्यांना सगळीच चित्रं आवडतात, म्हणून म्हणतो, जरा थांबलात तर तुमचाच फायदा.”

“तुम्ही नेहमी आरशाशीच बोलता का हो?”

“पोटापाण्यासाठी,” तो हसला. “ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे कागदावर सुलट उमटतं. म्हणून चित्र आरशात बघून कोरायचं. दिवसभर असं बसलं की मान धरते आणि माणसंही उलटी दिसायला लागतात.” एवढं बोलून तो वळला, आणि तिच्याकडे बघतच राहिला. “अरेच्चा! तीळ डाव्या गालावर आहे होय? मला वाटलं उजव्या.”

इतक्या थोड्या ओळखीत कुणी गालावरच्या तिळाबद्दल बोलतं का? थर्झानं रागवायला हवं होतं. ती रागवली नाही. तिनं फक्त शाल सावरली आणि ज्या गालावर तीळ नव्हता तो त्याच्याकडे केला.

मिस्टर टॅप्लोंना चित्रं आवडली. (जेवण झालं होतं.) मग थर्झा नेमानं येऊ लागली. ती मूळची केंटमधल्या एका मळेवाल्याची मुलगी. मुलींच्या चित्रशाळेत शिकायला लंडनला आली होती आणि प्रिसिला आत्याकडे राहत होती. पानं, फुलं, वेली हा तिचा हातचा मळ. ती रानगुलाब काढायची आणि एडविन मेरिक ते नासपतीच्या लाकडात कोरायचा. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. एक नुसत्या देठांचा, एक पानांच्या फिक्या हिरव्याचा, एक गडद हिरव्याचा... शेवटचा ठसा कागदावर दाबला गेला की गुलाब एकदम फुलून यायचा, आणि दोघं लहान मुलांसारखी एकमेकांकडे बघायची.

“तुमच्या पानांना इतके दाते असतात ना,” तो कुरकुरायचा, “की माझे दात झिजायला आले.”

“मग साधी पानं काढू?”

“छे! मग तुम्ही इतक्या वेळा बघायला कशाला याल?”

पुढे रविवारी कालव्याच्या काठानं फिरणं सुरू झालं. कागदाच्या पुडीतले भाजलेले चेस्टनट, बोटं पोळली की त्याचं ‘हाय हाय’, आणि तिचं हसू. कधी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं ते दोघांनाही कळलं नाही. प्रिसिला आत्याला मात्र कळलं. तिनं नुसतं “हं!” केलं आणि विणकाम पुढे चालू ठेवलं.

त्या वसंतात एक मोठं काम आलं. केंटमधले बिअरच्या भट्टीचे मालक मिस्टर हॉलम्बी नवं घर बांधत होते. जेवणघराच्या भिंतींवर त्यांना बिअरला कडवट चव देणाऱ्या हॉपची वेल हवी होती, ज्या फुलांच्या जिवावर घर उभं राहिलं तीच फुलं. मिस्टर टॅप्लोंनी रंगाचे नमुने दाखवून काम मिळवलं आणि एडविनला बोलावून म्हणाले, “हे नीट झालं तर ठसेघराचा मुख्य तू.” मुख्य कारागीर म्हणजे स्वतःच्या दोन खोल्या. दोन खोल्या म्हणजे काय ते एडविननं थर्झाला सांगितलं नाही, पण त्या रविवारी तो खिडक्यांच्या पडद्यांकडे फार लक्ष देऊन बघत होता.

हॉपची वेल थर्झाच्या रक्तातच होती. बापाच्या मळ्यात उंच खांबांवर चढणाऱ्या त्या वेलींखालीच ती वाढली होती. हॉप नेहमी सूर्याबरोबर फिरतो, खांबाला प्रदक्षिणा घालत वर जातो. दुसऱ्या बाजूनं गुंडाळलात तर स्वतःच सुटतो आणि आपल्या वाटेनं लागतो. केंटमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि इथेच तिच्या डोक्यात ती कल्पना आली. एडविनची मान अलीकडे फार दुखत होती. आरशात बघताना तो डोळे बारीक करायचा, कानामागे हात दाबायचा. मग चित्र आपणच उलटं काढलं तर? म्हणजे त्याला आरसा नको, काही नको. जसं दिसतंय तसं सरळ कोरायचं, आणि छापल्यावर वेल आपोआप सुलट! तिनं तेच केलं. वेल उलट्या फेऱ्यांनी चढवली, आणि डावीकडच्या पानावर बसायचा एक लालचुटूक चिमुकला किडा उजवीकडे बसवला. तो किडा म्हणजे तिची चोरटी थट्टा होती, तिचा तीळ. सांगायचं मात्र नाही असं ठरवलं. त्याच्या लक्षात आलं की तो कसा हसेल, ते तिला बघायचं होतं.

आता एडविन पडला इस्लिंग्टनचा. त्यानं हॉप पाहिला होता तो फक्त ग्लासातून. चित्र हातात आल्यावर तो खुळावून बघत राहिला. आपल्यासाठी तिनं इतकं सुंदर काढलं, तर आपणही यात कुठे हयगय करायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. आणि मान मोडेपर्यंत आरशात बघून, पान न् पान अगदी इमानानं उलटं कोरलं.

मिस्टर हॉलम्बी पसंत करायला आले त्या दिवशी छापलेला लांबच लांब कागद छतापासून सोडला होता. थर्झा दारातून आत आली, तिनं वर पाहिलं आणि आधी किडा शोधला. किडा उजवीकडे होता.

हॉलम्बींनी वेलीचा एक फेरा बोटानं हवेत गिरवला. मग हसत सुटले. पोट धरून हसले. “टॅप्लो, अहो, ही वेल उलटी चढतेय की! भिंतीवर हे लावलं तर माझे मळ्यातले गडी मला तोंड दाखवू देतील का? मालकाला हॉप कळत नाही म्हणतील!” हसता हसताच त्यांनी हॅट उचलली. त्या घराचं काम दुसरीकडे गेलं.

“चित्र माझं चुकलं,” थर्झा म्हणाली.

“ठसे माझे चुकले,” एडविन त्याच क्षणी म्हणाला.

“दोघंही चालते व्हा,” मिस्टर टॅप्लो म्हणाले. पण जरा शांत झाल्यावर त्यांनी एडविनला पुन्हा आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. इथली जागा आता विसर, उत्तरेला डार्वेनमध्ये माझ्या भावाचा कारखाना आहे, तिथे चांगली जागा देववतो, विचार करून सांग, असं त्यांनी सुचवलं.

ती दोघं कालव्याकाठच्या बाकावर बसली तेव्हा पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.

“तू चित्र उलटं काढलंस?” एडविननं विचारलं. “मुद्दाम?”

“तुझी मान दुखते म्हणून.”

“आणि मी वेड्यासारखा...” त्यानं कपाळाला हात लावला. मग एकदम त्याला हसू फुटलं. तिलाही फुटलं. दोघं इतकी हसली की कालव्यातल्या होडीवरची बाई वळून बघायला लागली.

“सांगायचंस तरी!”

“तू विचारायचंस तरी! इतका आरशात बघत होतास, वेगळं काही दिसलं नाही?”

“दिसलं ना. तो किडा.” तो थांबला. “पहिल्यांदा मी तुला पाहिलं तेव्हा तीळ त्याच बाजूला होता. मला वाटलं, तुलाही ते आठवतंय.”

थर्झाच्या डोळ्यांत पाणी आलं. पाऊस होता म्हणून बरं.

“वचन दे,” तो म्हणाला. “यापुढे न सांगता एकमेकांवर उपकार करायचे नाहीत. आधी विचारायचं.”

“आधी विचारायचं,” ती म्हणाली, आणि त्याच्या भिजलेल्या बाहीवर हात ठेवला.

“पुढच्या रविवारी मीच तुला एक विचारणार आहे.”

“आत्ता विचार ना...”

“आत्ता नाही. आत्ता मी नोकरी घालवलेला, भिजलेला माणूस आहे. पुढच्या रविवारी निदान कोरडा तरी असेन.”

तेव्हाच विचारलं असतं तर... पण माणसाला कोरडं व्हायचं असतं, धुतलेली कॉलर घालायची असते. त्यात आठवडा जातो.

त्या आठवड्यात एवढंच घडलं. केंटमधल्या कँटरबरीच्या एका मुलींच्या शाळेनं थर्झाला चित्रकलेची शिक्षिका म्हणून बोलावलं. राहायची सोय शाळेतच, पण बाई अविवाहित हवी. थर्झानं क्षणभरही विचार न करता आत्याला सांगून टाकलं, “मी नाही म्हणणार आहे.” आणि तिकडे एडविननंही ठरवलं, डार्वेन नको. लंडनमध्ये मिळेल ते काम करू, एक खोली तर एक खोली.

शनिवारी प्रिसिला आत्या बाजाराची टोपली घेऊन एडविनच्या दाराशी उभी राहिली.

“तू भला मुलगा आहेस,” ती म्हणाली, “म्हणून स्पष्ट सांगते. पोरगी कँटरबरीवर पाणी सोडायला निघालीय. तुझ्यासाठी. आमच्या सात पिढ्यांत कुठल्या बाईला असा मान मिळाला नव्हता रे. तू जा म्हणालास तर जाईल. नाहीतर तुझ्या खोलीत बटाटे सोलत बसेल.”

“ती तसं म्हणाली?”

“ती कशाला म्हणेल? तिला तू दिसतोस, दुसरं काही दिसतं का?”

आणि त्याच संध्याकाळी थर्झा आपली उरलेली चित्रं आणायला कारखान्यात गेली, तेव्हा मिस्टर टॅप्लो म्हणाले, “मिस पेनफोल्ड, त्या गाढवाला जरा समजावा. डार्वेनसारखी जागा पुन्हा चालून यायची नाही. हातात कला आहे त्याच्या, इथे कुजेल. कुणासाठी थांबतोय ते तुम्हाला ठाऊक असेलच.”

रविवारी ऊन होतं. एडविननं कॉलर धुतली होती. थर्झानं निळ्या रिबनीची बॉनेट टोपी घातली होती. बाकावर दोघं बसली, पण नेहमीपेक्षा जरा लांब.

“तू विचारणार होतास काहीतरी,” थर्झा म्हणाली.

“आधी तू बोल. तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी आहे.”

तिनं रिबनचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. “मला कँटरबरीला शिक्षिकेची जागा मिळालीय. मी... हो म्हटलंय.”

एडविन पाण्याकडे बघत होता.

“छान झालं,” तो म्हणाला. “फारच छान झालं. मलाही हेच सांगायचं होतं. मी डार्वेनला जातोय. एकटा माणूस कसा, कुठेही जाऊ शकतो.”

“हो ना... एकट्याला बरं पडतं.”

तिला वाटलं, याला कँटरबरीचं ऐकून जरासुद्धा वाईट वाटलं नाही. त्याला वाटलं, आत्या म्हणाली तसं काही नव्हतंच, हिनं तर आधीच हो म्हटलंय. दोघांच्याही ओठांवर एकच प्रश्न होता: खरंच? तेवढा एक शब्द. गेल्याच रविवारी याच बाकावर वचन दिलं होतं, आणि दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. इतकी चांगली माणसं इतकी मूर्ख कशी असतात, देव जाणे.

पुलापाशी त्यानं हॅट काढली. ती म्हणाली, “मानेला जप.” तो म्हणाला, “पानांचे दाते कमी कर.” आणि दोघं दोन बाजूंना गेली.

कँटरबरीनं थर्झाला वाईट वागवलं नाही. मुलींना ती आवडायची. पहिली काही वर्षं ती रविवारी हमखास रडायची, मग दिवाणखान्यातल्या कुंड्यांना पाणी घालायची सवय लावून घेतली. केसांत पांढरी बट आली. एका पाद्र्यानं लग्नाचं विचारलं, तिनं आभार मानून नाही म्हटलं, आणि रात्रीच्या जेवणाला दुप्पट पुडिंग खाल्लं. हॉपच्या तोडणीच्या दिवसांत मळ्यांकडून वाऱ्यावर तो कडवट वास आला की मात्र ती खिडकी लावून घ्यायची.

मग एका उन्हाळ्यात शाळेच्या दिवाणखान्याला नवा कागद लावायचं ठरलं, आणि कारखान्याचा माणूस नमुन्यांचं जाडजूड पुस्तक घेऊन आला. निवड मिस पेनफोल्डच करणार हे उघडच होतं. ती आत आली तेव्हा तो पाठमोरा, भिंतीवरच्या आरशासमोर उभा राहून टाय सारखा करत होता.

आरशात दोघांची नजर एक झाली.

“मिस पेनफोल्ड,” तो न वळताच म्हणाला. आवाज तोच होता. कानांवरचे केस मात्र पिकले होते.

“बसा, मिस्टर मेरिक,” ती म्हणाली. “चहा घ्याल?”

चहा आला. नमुन्यांची पानं उलटली गेली. डाळिंबं, विलोची पानं, जाई. त्याचं कसं चाललंय ते त्यानं सांगितलं. डार्वेनला बरं चाललंय, कारखान्याचं बरंचसं आता तोच बघतो. लग्न झालं, बायको चांगली आहे, खरंच चांगली आहे. एक मुलगी, सारखी प्रश्न विचारते.

“विचारू दे,” थर्झा पटकन म्हणाली.

“विचारू देतो.” तो कपात बघत राहिला. “कँटरबरीचं काम आलं की मी नेहमी दुसऱ्या माणसाला पाठवायचो.”

“आणि या खेपेला?”

“या खेपेला तो पाय मोडून घरी बसलाय.”

तिला हसू आलं. इतक्या वर्षांनी तेच हसू, आणि त्यानं ते ओळखलं. मग तो हळूच म्हणाला, “एक सांगू? आता सांगून काही उपयोग नाही. त्या रविवारी मी डार्वेनला हो म्हटलेलंच नव्हतं. मी तुम्हाला लग्नाचं विचारणार होतो. आदल्या दिवशी तुमच्या आत्या आल्या, म्हणाल्या, तुम्ही माझ्यासाठी ही जागा सोडताय. म्हणून मी...”

थर्झानं कप बशीत ठेवला. तो वाजला.

“मीही हो म्हटलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी नाहीच म्हणणार होते. मग मिस्टर टॅप्लो म्हणाले, तो तुमच्यासाठी डार्वेन सोडतोय.”

खिडकीबाहेर मुली चेंडू खेळत होत्या. एक पडली आणि बाकीच्या ओरडल्या.

“तू विचारायचंस तरी,” थर्झा शेवटी म्हणाली. ‘तू’ म्हणाली, आणि तिच्याच लक्षात आलं नाही.

“तू सांगायचंस तरी.”

यावर हसायला हवं होतं. मागे एकदा ती दोघं यावरच पोट दुखेपर्यंत हसली होती. एडविननं प्रयत्नही केला, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं, आणि तो उठून खिडकीशी गेला.

थर्झानं नमुन्यांचं पुस्तक मिटलं.

“यातलं काही नको,” ती म्हणाली. “ते हॉपचे ठसे कुठे गेले?”

“माझ्या माळ्यावर आहेत.” तो वळला. “टॅप्लो ते रंधा मारून दुसऱ्या कामाला वापरणार होते. मी मागून घेतले. बायको विचारते, हे जड लाकूड कशाला साठवलंय... तिला सांगतो, जुनी चूक आहे.”

“या भिंतींना मला तेच हवंय.”

“केंटमध्ये? मळेवाल्यांच्या मुली आहेत इथे. हसतील.”

“हसू देत.”

“थर्झा, ती वेल चुकीची आहे.”

“माहितेय. पण तू आणि मी मिळून केलेली तेवढी एकच गोष्ट आहे, एडविन.”

जाताना दाराशी त्यानं हॅट घातली, पुन्हा काढली, तिच्या डाव्या गालाकडे एकदा पाहिलं, आणि गेला. तो कागद त्यानं स्वतःच्या हातानं छापला आणि गाडीनं पाठवून दिला. लावायला मात्र आला नाही. तिनंही बोलावलं नाही. या वेळी न विचारताच दोघांना बरोबर कळलं होतं.

आता दरवर्षी शाळा उघडली की मळ्याकडची एखादी नवी पोरगी दिवाणखान्यात येते, भिंतीकडे बघते, मान तिरकी करते आणि न राहवून म्हणते, “मिस, ही वेल उलटी चढतेय!”

“हो गं,” मिस पेनफोल्ड म्हणते. “ज्यांनी काढली त्यांना एकमेकांचं भलं करायचं होतं.”

“मग चुकली कशी?”

“विचारायचं राहिलं.”

पोरगी जवळ जाते, उजवीकडच्या पानावरच्या त्या लाल किड्यावर बोट ठेवते आणि बाईंच्या गालाकडे बघून हसते. मग मिस पेनफोल्ड तिला चहाचा कप उचलून नेऊन ठेवायला सांगते, आणि ती बाहेर गेली की थोडा वेळ एकटीच त्या भिंतीसमोर बसते.